लेंटमधलं नाताळचं गाणं

सकाळचे सव्वाआठ झाले असतील. जिन्यापाशी चपलांचा आवाज झाला आणि मी दाराआड श्वास रोखून उभी राहिले. माझ्याच घरात, माझ्याच दाराआड, चोरासारखी.

"आंटी?"

जिन्याच्या लोखंडी दाराला नवं कुलूप होतं. रात्रपाळी करून आलेली ती पोर त्या कुलपाकडे बघत उभी असणार, हे मला दार न उघडताही दिसत होतं. तिनं एकदा कुलूप हलवून पाहिलं. मग माझं दार दोनदा वाजवलं, अगदी हळू, आजारी माणसाच्या खोलीचं वाजवतात तसं.

"आंटी, कुलूप नवीन आहे. किल्ली?"

मी पदर तोंडात कोंबला. ती पायरीवर बसली. किती वेळ बसली ते मी पाहिलंच नाही असं म्हटलं तर खोटं होईल. समोरच घड्याळ होतं. पंचवीस मिनिटं बसली. मग उठली आणि गेली.

हे मी केलं. मालती उजागरे, वय तेव्हा एकसष्ट, निवृत्त शिक्षिका, आमच्या चर्चच्या गायनमंडळात एकोणतीस वर्षं आल्टो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला उगाच भली बाई समजायला नको.

ती पोर मिझोरमची, ऐझॉलची. आमच्या नगरच्या एका मिशन दवाखान्यात नर्स होती आणि दीड वर्ष माझ्या माडीवर भाड्यानं राहत होती. नाव लालरेमरुआती. एवढं लांब नाव कोण घेणार? आम्ही सगळे तिला रुआती म्हणायचो. पूर्ण नाव मला म्हणता येत नाही असं मी लोकांना सांगायची. खरं म्हणजे मी कधी प्रयत्नच केला नव्हता.

मराठी ती पेशंटांकडून शिकली. त्यामुळे तिला प्रश्न चांगले यायचे, बाकीचं जेमतेम. भाजी करपली म्हणून मी कपाळावर हात मारून घेतला की ही माडीवरून धावत खाली. "आंटी, कुठं दुखतंय? कधीपासून?" सगळ्या मंडळात त्यावरून हशा पिकायचा. मंडळातला आमचा नोएल रिक्षा चालवतो आणि टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, गातो. तो मुद्दाम तोंड पाडून यायचा. "रुआती, क्लच दुखतोय गं. डिसेंबरपासून."

मंडळात तिला मीच नेलं होतं. गाणी बसवणारे आमचे भांबळ मास्तर म्हणजे जुन्या मिशन शाळेतले, तेव्हा चौऱ्याहत्तरीचे. त्यांच्याकडे वडिलांच्या हातच्या वह्या होत्या. त्यांत गाण्याच्या चाली डो-रे-मीच्या अक्षरांत लिहिलेल्या. आमच्या वाडवडिलांना त्या वाचता यायच्या. आम्ही आपले कानानं ऐकून पाठ करणारे. रुआती पहिल्या दिवशी आली, वही हातात घेतली आणि कधी न ऐकलेल्या गाण्याचा आल्टो सरळ वाचून गायली. वरून खालपर्यंत, न अडखळता. मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

"कुठं शिकलीस बाळ?"

"चर्चमध्ये. आमच्याकडे सगळे वाचतात. लहान मुलं पण."

त्या दिवसापासून मास्तर तिच्यासाठी वह्या काढायला लागले आणि ती मला शिकवायला लागली. आल्टो म्हणजे बायकांचा खालचा आवाज. तो वेगळा असा कुणाला ऐकू येत नाही, पण नसला की गाणं पोकळ वाटतं. आल्टोत आम्ही दोघीच. गुरुवारी माझ्या टेबलावर चहा ठेवून ती मला अक्षरं दाखवायची आणि मी जिथं मधेच श्वास तोडायची तिथं पेन्सिलीनं बारीकशी खूण करायची. इथं श्वास घ्यायचा, आंटी. आधी नाही.

आणि मी? मी तिला चारचौघांत "आमची चायना डॉल" म्हणायची. लाडानं हो! ती हसायची. तिला आवडतं असं मला वाटायचं.

मग तो मार्च महिना आला. दोन हजार वीस सालचा. टीव्हीवर दिवसभर एकच विषय, आणि माणसं एकमेकांना बघून रस्त्याची बाजू बदलायला लागली. आमच्या गल्लीतली पोरं रुआती दिसली की "कोरोना आली, कोरोना आली" करत पळायची. भाजीवाला तिच्या पिशवीत लांबून भाजी टाकायचा. ती मला काही सांगायची नाही. गुरुवारी सकाळी आली ती अंगणातल्या नळावर बसून युनिफॉर्मची बाही चोळत बसली. लाल डाग होता.

"हे काय गं?"

"पान, आंटी. मोटरसायकलवर माणूस होता. चायना म्हणाला, आणि थुंकला."

आता खरं तर माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला हवा होता. तीस वर्षं शाळेत पोरांना दरडावलेली बाई मी. पण मी घाबरले ती स्वतःसाठी. ती बाही माझ्या नळावर धुतली जातेय, एवढंच मला दिसलं.

शुक्रवारी दुपारी समोरच्या खरातबाई आल्या. चर्चमध्ये त्यांचा आणि माझा बाक एकच. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"मालतीबाई, राग मानू नका. पण तुमच्या माडीवरची ती..."

"ती मिझोरमची आहे. आपल्याच देशातली. दीड वर्षात एकदाही गावाला गेलेली नाही."

"असेल हो. तोंडावर लिहिलंय का ते? आमच्याकडे लहान लेकरं आहेत. पाण्याची टाकी सामाईक. आणि तुम्हाला शुगर. तुम्हाला काही झालं तर आमच्यातलं कुणी आत पाय ठेवणार नाही, आधीच सांगते."

वाद घालायला माझ्याकडे शब्द नव्हते असं नाही. पण एकटं पडायची भीती मोठी वाईट. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, मुलगी दुबईला. मी म्हटलं, "बघते काहीतरी."

काय बघितलं ते ऐका. संध्याकाळी ती ड्यूटीवर गेल्यावर मी माडीवर गेले. तिच्या दोन बॅगा भरल्या. कपडे, बायबल, आईनं विणून दिलेलं लुंगीसारखं वस्त्र, वाळवलेल्या मिरच्यांची बरणी. रस्त्यावर कसं टाकायचं सामान? आपण ख्रिस्ती माणसं! म्हणून मी नोएलला बोलावलं आणि सांगितलं, रुआतीची बदली झालीये, सामान चर्चमध्ये मंडळाच्या खोलीत नेऊन ठेव. त्यानं ठेवलं बिचाऱ्यानं, पेटीच्या शेजारी. देवाच्या घरात ठेवलं म्हणजे पाप निम्मं झालं, असा माझा हिशोब. मग जिन्याला कुलूप घातलं. तिच्याशी समोरासमोर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून कुलपालाच बोलायला लावलं.

एक वस्तू मात्र राहिली. तिची आल्टोची वही माझ्याच टेबलावर होती.

शनिवारी सकाळी ती येऊन गेली, ते सांगितलंच. दुपारी मला जेवण गेलं नाही. शनिवारी पाच वाजता मंडळाचा सराव असतो. एकोणतीस वर्षांत मी तो चुकवला असेल चार वेळा. त्या दिवशी डोकं दुखतंय असं स्वतःलाच सांगून मी कडी लावून बसले. आता ते तिथं जमले असतील, बॅगा बघितल्या असतील, नोएल म्हणाला असेल की मावशीनंच ठेवायला सांगितल्या. माझ्या डोळ्यांसमोर सगळं येत होतं.

साडेपाच झाले. बाहेर फाटकाशी पावलं वाजली. एकदोन माणसांची नव्हेत, पुष्कळ. मी पडद्याच्या फटीतून बघितलं. सगळं मंडळ! हातभर अंतर सोडून, तोंडाला रुमाल बांधून, अर्धं अंगणात आणि अर्धं रस्त्यावर. मधे भांबळ मास्तर, उन्हात, डोक्यावर टोपीही नाही. नोएलनं पेटी रिक्षातच ठेवलेली आणि तिथंच बसून त्यानं सूर धरला.

आता भांडायला आले, असं मला वाटलं. त्यांनी गायला सुरुवात केली.

"पाहुणा आला गं बाई, कडी काढ दाराची,
नको दाखवू त्याला वाट गुरांच्या गोठ्याची."

हे मास्तरांच्या आजोबांनी रचलेलं, जात्यावरच्या चालीचं नाताळचं गाणं. आणि दिवस लेंटचे! लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपवासाचे चाळीस दिवस. त्या दिवसांत आमच्याकडे आनंदाचं गाणं तोंडातून काढायचं नाही, नाताळचं तर नाहीच नाही. मास्तरांनी एकदा एका तरुण ऑर्गनवाल्याला लेंटमध्ये नुसती नाताळच्या गाण्याची चाल वाजवली म्हणून ईस्टरपर्यंत बाकावर बसवलं होतं. आणि आता ते स्वतःच हात उंचावून ताल देत होते.

तुम्हाला आमची फेरी सांगायला हवी. नाताळच्या आधी आमचं मंडळ प्रत्येक ख्रिस्ती घरापुढे जाऊन हेच गाणं म्हणतं. दार बंद ठेवायचं, ही घरच्यांची गंमत. गाण्याला तीन कडवी. कुणी पहिल्याला उघडतं, कुणी पोरांना हसवत तिसऱ्यापर्यंत थांबवतं. पण दार उघडल्याशिवाय मंडळानं हलायचं नाही आणि एकही घर वगळायचं नाही, दुःखातलं तर मुळीच नाही. माझा नवरा वारला तो डिसेंबर. बारावा दिवस होता आणि मी दिवे घालवून आत बसले होते. ते आले. तिन्ही कडवी झाली, मी उघडलं नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. तिसऱ्यांदा धरलं तेव्हा मी दार उघडून मास्तरांना वाट्टेल ते बोलले. ते म्हणाले, "बोल, बोल. उघडलंस ना दार, बास झालं." त्या रात्री मी बारा दिवसांनी पोटभर जेवले.

म्हणून त्या गाण्याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती.

समोरच्या ओट्यावर खरातबाई आल्या. "अहो मास्तर! लेंटमध्ये नाताळ? डोकं ठिकाणावर आहे ना?"

मास्तरांनी हात थांबवला नाही. "फेरीतलं एक घर राहिलं होतं, बाई."

"डिसेंबरात सगळी घरं झाली की! मीच चहा दिला तुम्हाला."

"दिलात. पण एक राहिलं."

दुसरं कडवं सुरू झालं आणि मग मला ते ऐकू आलं. म्हणजे ऐकू आलं नाही, असं म्हणायला हवं. आल्टो नव्हता. वरचा आवाज होता, टेनर होता, पुरुषांचा खालचा बास होता, आणि मधे भोक. मंडळात शीला म्हणून आहे, तिला वेळेला आल्टो गाता येतो. तिनं विचारलंही होतं म्हणे, "मी धरू का?" मास्तर म्हणाले, "राहू दे तसंच. तिला ऐकू दे." हे मला नोएलनं नंतर सांगितलं.

एकोणतीस वर्षांत मी हे गाणं आल्टोशिवाय कधी ऐकलंच नव्हतं. इतकं उघडं पडतं ते आमच्यावाचून, हे मला ठाऊक नव्हतं. टेबलावर वही होती. मी उघडली. नेमकं तेच पान, तिच्या हातानं माझ्यासाठी मोठ्या अक्षरांत उतरवलेलं, पेन्सिलीच्या खुणांसकट. इथं श्वास घ्यायचा, आंटी. मी पान बघत होते आणि बाहेर त्या जागा रिकाम्या जात होत्या, एकामागून एक.

तिसरं कडवं संपलं. आता जातील, असं एक मन म्हणत होतं, आणि जाऊ नका रे बाबांनो, असं दुसरं. मास्तर खोकले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, उन्हात, रुमालाआड. मग त्यांचा आवाज आला, "पुन्हा. पहिल्यापासून."

मी फट जरा मोठी केली आणि तेव्हा ती दिसली. रिक्षाच्या अलीकडे, नळाच्या ओट्याजवळ. रात्रीचाच युनिफॉर्म अंगावर. सकाळपासून कुठं होती? मास्तरांच्या घरी, त्यांच्या बायकोनं झोपवली होती. ती गात नव्हती. येते, पण गाणार नाही, असं तिनं मास्तरांना बजावलं होतं. नुसती उभी होती आणि माझ्या दाराकडे बघत होती. तिच्या आजूबाजूला मात्र हातभर अंतर नव्हतं. शीला तिला खांदा लावून उभी होती.

मी कडी काढली.

गाणं थांबलं नाही. नियम असा की दार उघडलं तरी कडवं पुरं करायचं. त्या दीड मिनिटात मी उंबऱ्यात उभी, सगळी गल्ली बघतेय, आणि माझ्या डोळ्यांना धार लागलेली. कडवं संपल्यावर मास्तर नेहमीसारखे म्हणाले, "सलाम, मालतीबाई." बाकी काही नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी नोएलकडे पाहिलं. त्यानं मान फिरवली. "माझ्या रिक्षातून तिचं सामान काढलंत, मावशी. मला खोटं सांगून," एवढंच म्हणाला.

मग रुआती पुढे आली. पायरीपाशी थांबली. मला वाटलं आता ही मला विचारणार, का केलंत असं? त्याचं उत्तर मी दुपारभर जुळवत होते. शुगर, टाकी, खरातबाई. तिनं माझा चेहरा बघितला, आणि सवयीनं म्हणा, तिला दुसरं मराठी सुचलं नाही म्हणून म्हणा, ती म्हणाली,

"आंटी, कुठं दुखतंय?"

कुणीही हसलं नाही. मी छातीवर हात ठेवला.

"कधीपासून?"

"कालपासून," मी म्हटलं. आणि मग माझं मलाच ते खोटं वाटलं. तिच्या हसण्याकडे मी इतके दिवस कधी नीट बघितलंच नव्हतं. "नाही गं. कालपासून नाही. तू आलीस तेव्हापासून. त्याच्याही आधीपासून असेल."

तिनं हात पुढे केला. "किल्ली."

मी कनवटीची किल्ली काढून दिली.

"कुलपाला दोन किल्ल्या असतात, आंटी."

दुसरी फ्रिजवर होती. मी आत जाऊन आणली. तिनं दोन्ही खिशात टाकल्या.

"आणि चायना डॉल नाही. माझं नाव आहे. म्हण."

"इथं?"

"इथंच. मोठ्यानं."

मी म्हटलं. पहिल्यांदा चुकले. तिनं एकेक तुकडा करून दिला, गाणं शिकवताना द्यायची तसा, आणि मी खरातबाईंच्या ओट्यासमोर, पोरांसमोर, सगळ्या मंडळासमोर म्हटलं. लालरेमरुआती. नव्वद मुलांच्या वर्गाला हजेरी घेऊन बसवणारी बाई मी, पण त्या एका नावाला मला घाम फुटला. पोरांपैकी एकानं ते हळूच स्वतःशी म्हणून बघितलं.

"सामान?" ती म्हणाली.

नोएलनं रिक्षाच्या हँडलवर हात ठेवले. "रिक्षा मिळणार नाही, मावशी."

नको होती मला रिक्षा. मी चपला घातल्या, चर्चपर्यंत चालत गेले आणि दोन्ही बॅगा दोन हातांत घेऊन गल्लीच्या मधोमध परत आले. जड होत्या मेल्या. तिसऱ्या दिव्याच्या खांबापाशी मी टेकले तेव्हा खरातबाईंची सून घरातून बाहेर आली, सासूकडे न बघता एका बॅगेचा बंद धरला आणि माझ्याबरोबर चालायला लागली. खरातबाई माझ्याशी पुढं वर्षभर बोलल्या नाहीत, आणि मलाही त्याचा आग्रह नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मंडळातली दोन माणसं तिच्याबरोबर दवाखान्याच्या फाटकापर्यंत चालत जायला लागली, एक डावीकडे, एक उजवीकडे. पुढं सगळंच बंद झालं तेव्हा नोएलला पास मिळाला आणि त्याची रिक्षा तिच्यासाठी सुटली. दवाखान्यात नगरचीच माणसं तिच्या हातात होती. पान थुंकणाराही त्यांत असेल, नसेल, तिनं कधी विचारलं नाही. रविवारी चर्च बंद असायचं. मग ती माडीच्या कठड्याशी आणि मी खाली पायरीवर, दोघी मिळून आल्टो धरायचो. एकटा आल्टो ऐकायला काही फार गोड नसतो. पण समोरून एकदा सुनेनं वरचा आवाज धरला आणि मग बरं लागायला लागलं.

मास्तरांना चर्चच्या पंचकमिटीचं पत्र आलं होतं, लेंटची शिस्त मोडल्याबद्दल खुलासा करा म्हणून. त्यांनी उलट एकच ओळ धाडली. फेरीतलं एक घर राहिलं होतं. तीन वर्षांनी ते गेले. लालरेमरुआती आता ऐझॉललाच मोठ्या दवाखान्यात आहे आणि फोनवर अजून तेच विचारते, कुठं दुखतंय, कधीपासून. मी गुडघे म्हणते.

यंदा चर्चला नवे पाळक आले आहेत, तरुण आहेत. त्यांनी मला अडवलंच. "बाई, लेंटच्या तिसऱ्या शनिवारी हे मंडळ तुमच्या दारात नाताळचं गाणं म्हणतं, हे काय आहे? कुठल्या नियमात बसतं?"

"कुठल्याच नाही," मी म्हटलं. "मी बोलावते त्यांना."

परवाच येऊन गेले. मी दाराला कडी लावून आत बसले होते, वही मांडीवर. नोएलनं पेटीवर सूर धरला. समोरची सून आता आल्टोत होती, तिचा आवाज मला लगेच ओळखू आला. पूर्वी मी लोकांना तिसऱ्या कडव्यापर्यंत ताटकळत ठेवायची.

आता पहिली ओळ संपायच्या आत उघडते.